एकही नंबर गाळायचा नाही

१६ डिसेंबर

कंपनी सोडल्यापासून काही लिहिलं नव्हतं. आज नवी वही काढली, कारण आजपासून मी मास्तर झालो. पुण्यात सव्वीस वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहिली. कंप्रेसर कसा सुरू करायचा, पट्टा कसा बदलायचा, हात कुठं घालायचा नाही. आता तुळजापुरात आईजवळ राहायचं, रोज स्कूटरवरून कॉलेजला जायचं आणि तीच विद्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवायची. विषयाचं नाव टेक्निकल इंग्लिश. वर्गात बेचाळीस जण.

प्राचार्य म्हणाले, "पोरं हुशार आहेत सर, फक्त बोलत नाहीत." म्हटलं, बोलतील. सव्वीस वर्षं मुक्या यंत्रांची बाजू मी मांडली, ही तर हाडामांसाची माणसं.

पहिल्या तासाला माहितीपुस्तकाचे चार खांब सांगितले. पायरी, टीप, सावधान, धोका. शेवटच्या दोन्हींत सगळे गोंधळ घालतात, म्हणून फळ्यावर मोठ्ठं लिहिलं. सावधान म्हणजे यंत्र बिघडेल. धोका म्हणजे माणूस बिघडेल. हे मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं.

संध्याकाळी निवेदिताचा फोन. माझ्या हाताखाली शिकलेली, आता माझ्याच जागेवर बसते. कंपनी आपल्या जिल्ह्यातून पहिल्यांदाच दोन शिकाऊ लेखक घेणार आहे. एकतीस जानेवारीपर्यंत मी पाच नावं पाठवायची, दहा फेब्रुवारीला पुण्यात परीक्षा. ती म्हणाली, "सर, आम्हाला फक्त लिहिणारी—" मी म्हटलं, "लिहिणारी आणि बोलणारी, दोन्ही देतो, काळजी करू नकोस." समोरचा काय म्हणणार हे मला अर्ध्या वाक्यात कळतं. माझ्या निरोपसमारंभातही ती उठून म्हणाली होती, "सरांच्या पुस्तकातली यंत्रं बोलू शकली असती तर—" आणि मी खालूनच म्हटलं होतं, "तर धन्यवाद म्हणाली असती!" सगळे हसले होते. निवेदितासुद्धा, जरा उशिरा.

१९ डिसेंबर

आजचा तास वाया गेला. मनस्ताप झाला तो वेगळा.

ज्यांची नावं पाठवायची त्यांना इंग्रजीत दोन मिनिटं तरी उभं राहून बोलता आलं पाहिजे, हा माझा नियम. म्हणून प्रत्येकानं स्वतःची ओळख करून द्यायची. रोल नंबरप्रमाणे. वर्गाला बजावून सांगितलं, एकही नंबर गाळायचा नाही. एक बोलल्याशिवाय पुढचा बोलणार नाही. नाहीतर लाजरे मागच्या मागे सटकतात.

एक ते सहा बोलले. बरे बोलले. अडखळले तिथं मी शब्द पुरवला, वाक्यं पुरी करून दिली. सहा नंबर म्हणजे ढोकीची चारुशीला, चुणचुणीत मुलगी. मग सात नंबर, सोनाली, तामलवाडीची. ती उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. मान खाली, ओठ घट्ट. मी म्हटलं, "माय नेम इज..." तिचा चेहरा लालबुंद झाला, पण तोंडातून हूं की चूं नाही. चारुशीला उठून म्हणाली, "सर, तिला ना, बोलताना—"

"लाज वाटते, ठाऊक आहे मला. म्हणूनच उभी केलीय."

घड्याळ लावून वीस मिनिटं उभी ठेवली. वर्ग एवढा शांत की बाहेर रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजता आले. नऊ गेले. मुलगी बोलली नाही ती नाहीच.

आणखी एक गोष्ट. हजेरी घेताना सात नंबर पुकारला की "प्रेझेंट सर" सहा नंबर म्हणते. गैरहजर मैत्रिणीची हजेरी लावणारे सगळ्या कॉलेजांत असतात. समोर बसलेल्या मैत्रिणीची हजेरी लावणारी मी इथंच पाहिली. एवढा आळस!

२४ डिसेंबर

संप आहे. दुसरा शब्द नाही.

आज आठ नंबरपासून सुरू करा म्हटलं. आठ नंबरचा शंतनू उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सात झाल्याशिवाय आठ न्हाय, तुमीच म्हणला व्हता." बाकी बाकांकडे बघत बसले. बरं, शेवटून घेऊ. बेचाळीस नंबर उठला, बसला. एक्केचाळीस उठला, बसला. मी प्रश्न विचारायचा आणि मीच उत्तर द्यायचं, असा तास झाला. एक ते सहा तरी बोलत होते, तेही आता गप्प.

घरी येऊन आईजवळ कुरकुर केली. म्हटलं, ही मुलं म्हणजे भिंती आहेत. आई अजून मला लाडानं उमाच म्हणते. म्हणाली, "उमा, तुझं बोलून झालं का? मला जरा—" "गोळी हवी ना," म्हणून मी गोळी आणून दिली. तिनं हातात घेतली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. वय झालं तिचं.

३० डिसेंबर

आज येळवस. पुण्याच्या माणसांना येळवस सांगायला बसलो की अर्धा दिवस जातो. इथं या अमावस्येला सगळा जिल्हा शेतात जेवतो. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांतून बोलावणी येतात. न जाणं म्हणजे अपमान.

माझ्या टेबलावर परवा चिठ्ठी होती. सुरेख इंग्रजी अक्षर. सर, अमावस्येला आमच्या शेतात जेवायला यावं, आई वाट बघेल. खाली सात नंबरची सही. मार्कांसाठी मस्का, हे लगेच ओळखलं. तरी गेलो. येळवशीला नाही म्हणायची हिंमत माझ्यातही नाही.

कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, पुढं सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. चारुशीला आणि वर्गातले सातआठ जण आधीच येऊन बसले होते आणि काय तो गोंगाट! माझी चाहूल लागल्याबरोबर आवाज निम्मा झाला. सोनाली पानं वाढत होती. मी तिला काही विचारलं की उत्तर तिची आई, हरणाबाई, देणार. "कितवीत पहिली आलीस?" आई सांगणार, धाव्वीत. "मोटर कोण चालू करतं शेतावर?" आई सांगणार, हीच की. शेवटी हरणाबाई माझ्याजवळ येऊन टेकल्या. म्हणाल्या, "मास्तर, आमची सोना ल्हानपणापस्नं जरा—"

"लाडावलेली आहे," मी म्हटलं. "दिसतंच आहे. तुम्हीच तिच्या वतीनं बोलत राहिलात तर ती कशी बोलणार?"

त्यांनी भज्जीचं पातेलं पुढं ओढलं. म्हणाल्या, "जेवा तुमी. भज्जी घ्या आनखी."

खरी गंमत तर सांगायची राहिलीच. जेवणाआधी डोक्यावर आंबिलाचा बिंदगा, म्हणजे छोटी घागर, घेऊन सगळे शेताला फेरी मारतात, पिकावर आंबील शिंपडत, ओलगे ओलगेची आरोळी देत. पंधरावीस जणांच्या त्या घोळक्यात सगळ्यात खणखणीत आवाज कुणाचा होता? सात नंबरचा. मी स्वतःच्या कानांनी ऐकला. एकदाही न अडता, मान वर करून, अशी आरोळी की बांधावरचे पारवे उडाले. म्हणजे गळा आहे. जीभ आहे. लाजही नाही. फक्त माझ्या वर्गात बोलायचं नाही असं ठरवलंय बाईसाहेबांनी.

मला या गोष्टीचा फार राग आला. येताना खिरीचा डबा दिला होता, तो आईला दिला. मी शिवलो नाही.

८ जानेवारी

बोलत नाहीत तर नाही, निदान लिहू देत म्हणून गृहपाठ दिला होता. घरचं किंवा शेतावरचं एक यंत्र निवडा आणि त्याचं माहितीपुस्तक इंग्रजीत लिहा. आज बेचाळीस गठ्ठे तपासले. एकोणतीस जणांनी मिक्सर लिहिलाय, तोही एकाच वेबसाइटवरचा. मिक्सरच्या रंगापर्यंत सगळं सारखं. डोकं उठलं.

आणि मग सात नंबरचं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. तीन पानं. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालच्या कुणी पहिल्या खेपेला असं लिहिलेलं मला आठवत नाही. एका पायरीत एकच काम. एक शब्द जास्त नाही. लाइट आली तरी लगेच बटण दाबू नका, आधी शेजारच्या शेतातला दिवा बघा, तो मिणमिणता असेल तर दाब कमी आहे, थांबा. हात ओला असेल तर आधी पदराला पुसा, पदर ओला असेल तर परत जा. आणि एका ठिकाणी, सावधान: डबा उघडण्याआधी काठीनं दोनदा वाजवा, आत ऊब असते म्हणून पाल बसलेली असू शकते.

मी ते दोनदा वाचलं. मग मनात आलं, जी मुलगी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगू शकत नाही ती हे लिहिणार? कुठून तरी उचललेलंच आहे. फोनमध्ये हल्ली काय वाटेल ते लिहून मिळतं. फक्त ती पाल मला त्रास देतेय. पाल कुठल्या वेबसाइटवर नसते. वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या फायलीतून घेतलं असणार. इथं फायली पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या जातात.

९ जानेवारी

सोनालीला उभं केलं. तिचे कागद हातात धरून म्हटलं, हे तू लिहिलंस? तिनं मान हलवली. मग सांग, काठीनं दोनदाच का? तीनदा का नाही? सोपा प्रश्न. मराठीत सांगितलं तरी चालेल, म्हटलं.

तिनं तोंड उघडलं. हनुवटी थरथरली. मी थोडं थांबलो आणि म्हटलं, "ठाऊक नाही, असंच ना? कारण लिहिलेलं तुझं नाहीच." लाल पेनानं पहिल्या पानावर शून्य काढलं, खाली लिहिलं, नक्कल. नोंदवहीतही चढवलं आणि वर्गाला वाचून दाखवलं, म्हणजे बाकीचे धडा घेतील.

शंतनू मागून म्हणाला, "सर, तिला लिहून विचारा की."

परीक्षकाला हा असला सल्ला! त्यालाही उभा ठेवला. सोनाली रडली नाही. तिनं ते कागद सरळ केले, कडेला कडा जुळवल्या आणि पिशवीत ठेवले. मला खरं तर ती रडली असती तर बरं वाटलं असतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वही माझी आहे.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज वर्गातल्या बेचाळीसही जणांनी रांगेनं येऊन तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड सोडा, कडूसुद्धा कुणी बोललं नाही. पाया पडले आणि बाकावर जाऊन बसले. सात नंबरनंही दिला.

माझं काय चुकतंय कळत नाही. नोट्स देतो, वेळेवर येतो, कुणावर हात उगारत नाही. अडलेल्याला शब्द देतो, वाक्यं पुरी करून देतो. एवढं तर आम्हाला आमच्या मास्तरांनी कधी दिलं नाही.

२३ जानेवारी

वर्कशॉपचे दगडोबा, तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, आज चहा घेताना म्हणाले, "सर, तुमी म्हणताव वर्ग मुका हाय. एकदा वर्कशॉपात येऊन बगा."

गेलो. दाराआडून पाहिलं. लेथ चालू, आणि त्यावर आवाज चढवून सगळे बोलतायत, हसतायत, एकमेकांना शिव्या घालतायत. सोनाली मशीनवर होती. शंतनूनं तिला काही विचारलं, आणि मग अख्खा घोळका गप्प झाला. ती काहीतरी सांगत होती, लेथच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण बराच वेळ चाललं होतं. सगळे हातातलं काम सोडून नुसते उभे. कुणी घाई करेना. ती थांबली आणि पुन्हा गोंगाट सुरू. मला वाटलं, पुढारी आहे ही त्यांची. तिच्या शब्दावर वर्ग उठतो-बसतो.

मी आत पाऊल टाकलं आणि सगळं बंद. लेथसुद्धा.

बाहेर येताना दगडोबा म्हणाले, "बगितलं ना सर? ती पोरगी हाय ना, तिला—"

"तिला फूस आहे सगळ्यांची," मी म्हटलं. "कळलं मला." त्यांनी विडी काढली आणि पेटवली.

३१ जानेवारी

निवेदिताला पाच नावं पाठवली. दोन मिनिटं बोलणारे सहाच जण होते, त्यातले पाच. चारुशीलाचं नाव पहिलं.

दुपारी चारुशीला स्टाफरूममध्ये आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "सर, माझं नाव काढा. सोनालीचं घाला. तिला ही नोकरी पायजेच हाय सर. ती दुसरीकडं कुठं मुलाखतीला गेली तर ते लोक तिला—"

"मैत्रिणीसाठी त्याग. छान. पण यादी त्यागावर होत नाही, गुणवत्तेवर होते."

तिनं दाराचा कडीकोयंडा धरला आणि एकदम मोठ्या आवाजात म्हणाली, "तुमी कुणाचंबी पुरं ऐकून घेत न्हाय सर!" आणि निघून गेली. हीच ती मुलगी जी रोज खाली मान घालून बसते. उद्धटपणाची तक्रार प्राचार्यांकडे करावी म्हणून अर्ज लिहायला घेतला, मग राहू दिला. आज स्वयंपाकाच्या बाईंनी केलेली भाजी खारट होती. सगळाच दिवस तसला.

३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज शेवटचा गृहपाठ जमा करायचा होता. रोज वापरात असलेल्या कशाचंही माहितीपुस्तक, चारही खांबांसह. एक्केचाळीस जणांनी कोरे कागद दिले. नाव, रोल नंबर आणि खाली पांढरं. चारुशीलाचाही कोरा. एकच लिहिलेला होता. इंग्रजीत आहे, मराठीत जमेल तसं उतरवतो.

"सोनालीशी बोलण्याची माहितीपुस्तिका.

पायरी एक. प्रश्न विचारा.

पायरी दोन. थांबा. पहिला शब्द यायला वेळ लागतो. शब्द आत तयार असतो, दारात अडकतो. मला काय म्हणायचंय हे मला ठाऊक असतं.

पायरी तीन. घड्याळाकडे बघू नका. बघितलंत तर पायरी दोनपासून पुन्हा सुरू करावं लागेल.

टीप. सगळ्यांबरोबर एका सुरात ओरडताना, म्हणताना शब्द अडकत नाहीत. का ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं असतं. त्यावरून एकटीला बोलता येतं असं समजू नये.

टीप. माझी हजेरी चारुशीला देते, कारण 'प्रेझेंट' हा शब्द येईपर्यंत पुढचे पाच नंबर होऊन जातात.

टीप. वर्ग मुका नाही. मला वीस मिनिटं उभं केलं त्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं, सात बोलत नाही तोवर कुणी बोलायचं नाही. मी त्यांना नको म्हणाले होते. ऐकत नाहीत.

सावधान. शून्य दिल्यानं बिघाड दुरुस्त होत नाही.

धोका. माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ते बहुतेक वेळा वेगळं असतं.

पालीबद्दल विचारलं होतंत. पहिल्या ठोक्याला ती दचकते आणि जागीच चिकटून बसते. दुसऱ्या ठोक्याला पळते. तिसऱ्याची गरज पडत नाही."

एवढंच.

मी मागची पानं चाळली. या वहीतली. प्रत्येक पानावर कुणीतरी मला सांगायला आलं होतं. चारुशीला, हरणाबाई, दगडोबा, पुन्हा चारुशीला. प्रत्येकाचं वाक्य मी अर्ध्यावर तोडून माझं जोडलेलं आहे, आणि वर ते हुशारी म्हणून लिहून ठेवलेलं आहे. आईचं सुद्धा. आत्ता तिला जाऊन विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस? ती म्हणाली, "महिना झाला की रे त्याला. काही नाही, म्हणणार होते, जरा माझ्याजवळ बस."

४ फेब्रुवारी

सकाळी निवेदिताला फोन केला. सगळं सांगितलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सर, आम्हाला फक्त लिहिणारी माणसं हवी होती. पहिल्या दिवशी तेच सांगत होते. परीक्षा लेखी आहे. मुलाखतच नाही."

मी म्हटलं, नाव घालता येईल का? ती म्हणाली, आज सहा वाजेपर्यंत येईल, पण लिखाणाचा नमुना सोबत हवा आणि मुलीची स्वतःची संमती. मग मी न राहवून विचारलं, माझ्या निरोपसमारंभात तुला काय म्हणायचं होतं? यंत्रं बोलू शकली असती तर काय?

"राहू द्या सर."

"सांग."

"तर त्यांनाही तुम्ही बोलू दिलं नसतं."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

दुपारी सोनालीला स्टाफरूममध्ये बोलावलं. चारुशीलाही आली, दारात उभी राहिली. मी म्हटलं, मोटरचं आणि हे नवं, दोन्ही पाठवतो. दहा तारखेला परीक्षा आहे, लेखी. तू जाशील?

मग पायरी दोन.

घड्याळ भिंतीवर माझ्या समोरच होतं. मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. तिचा जबडा ताठ झाला, मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. "म..." म्हणाली. पुन्हा "म..." माझ्या जिभेवर तयार होतं, मला जायचंय सर. सव्वीस वर्षांची सवय दातांत धरून ठेवली. चारुशीला माझ्याकडेच बघत होती, सोनालीकडे नाही. किती वेळ गेला माहीत नाही. चहावाला येऊन, बघून, परत गेला.

"म... मोटरच्या... पानावरचं... शून्य... आधी खोडा." मग श्वास घेऊन, "व... वर्गात. वाचून... दाखवलं होतं... तसं."

मला वाटलं होतं त्यातलं एक अक्षरही त्या वाक्यात नव्हतं. म्हटलं, उद्या पहिला तास. तिनं मान हलवली, आणि संमतीच्या कागदावर सही केली. पावणेसहाला मेल गेला.

५ फेब्रुवारी

हजेरी पुकारली नाही. कागद फिरवला, सह्या घेतल्या.

मग नोंदवही उघडली. सात नंबरपुढचं शून्य खोडलं, चढवताना वाचून दाखवलं होतं तसंच खोडल्याचंही वाचून दाखवलं, आणि पंचवीसपैकी चोवीस लिहिले. एक मार्क पदराच्या वाक्यात एका पायरीत दोन कामं आहेत म्हणून कापला. तेही सांगितलं. सोनालीनं तिचा कागद काढून ते वाक्य बघितलं आणि कबूल असल्यासारखी मान डोलावली.

आता माफी मागायची होती. रात्रीच ठरवलं होतं, इंग्रजीतच मागायची, उभं राहून, दोन मिनिटं, माझ्याच नियमानं. टेबलाला टेकून उभा राहिलो. "आय..." म्हटलं आणि पुढं काही येईना. पुन्हा "आय..." वाक्य आत तयार होतं, अगदी शब्दन्‌शब्द. दारात अडकलं होतं. कानशिलं तापली. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. दुसरा गेला.

बेचाळीस जण माझ्याकडे बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. चारुशीलाला तर माझं पुढचं वाक्य नक्की कळलं असणार, तिचे ओठही किंचित हलले, पण तिनं ते मिटून घेतले.

कुणीही माझं वाक्य पुरं केलं नाही. सगळे थांबले.